मुंगीताईचं अर्धं शीत

उंबऱ्याला होती फट. फटीत होती मुंगी. मुंगीला होती लेक. लेकीला होती भूक.

लेकीचं नाव पिटुकली.

बाहेर पाऊस लागला होता. चार दिवस लागला होता. टिप टिप, टिप टिप. अंगणभर पाणी झालं होतं. मुंग्यांची वाट पाण्यात बुडाली होती. बाहेर जायची सोय नव्हती. बाहेरून काही आणायची सोय नव्हती.

पण उंबऱ्याच्या आत एक घर होतं. घरात शमू होती. शमू साडेतीन वर्षांची. रोज दुपारी ती वरणभात खायची. आई समोर बसायची आणि एकेका घासाला नाव द्यायची.

"हा घास काऊचा. हा घास चिऊचा. हा घास मनीमाऊचा. हा घास हम्माचा. हा घास बाबाचा. हा घास मुंगीताईचा."

काऊचा घास जायचा शमूच्या पोटात. चिऊचा घास जायचा शमूच्या पोटात. मनीमाऊचा आणि हम्माचाही तिच्याच पोटात. बाबा कामाला लांब गेला होता, त्याचाही घास तिच्याच पोटात. मुंगीताईच्या घासातलं मात्र एक शीत उंबऱ्यावर ठेवायचं. ही त्या घरची रीत होती.

एक शीत म्हणजे भाताचा एक दाणा. तुमच्या ओठाला चिकटतो ना, तेवढा. पण मुंगीचा आणि पिटुकलीचा अख्खा दिवस त्यावर निघायचा.

आज दुपार झाली. मुंगी उंबऱ्यावर आली. इकडे बघितलं. तिकडे बघितलं. शीत नव्हतं.

मुंगी परत फटीत गेली. फटीत कालचं अर्धं शीत होतं. अर्धं सकाळी पिटुकलीने खाल्लं होतं. राहिलेलं अर्धं संध्याकाळसाठी ठेवलं होतं. मुंगीने स्वतः सकाळी नुसते पाय चाटले होते. माझं तेवढ्यावर भागतं, असं ती नेहमी म्हणते.

पिटुकली म्हणाली, मला भूक लागली. मुंगी म्हणाली, तू जरा नीज, मी आत जाऊन बघते. पिटुकलीने अर्धं शीत उशाला घेतलं. डोळे मिटले. मुंगी निघाली.

तुरुतुरु, तुरुतुरु.

घरात अंधार होता. दिवसाचा अंधार, पावसाळी. मला असा अंधार मुळीच आवडत नाही. दिवा लावावा तर दुपार असते, न लावावा तर काही दिसत नाही.

शमू पाटावर बसली होती. समोर वाटी होती. वाटीत वरणभात होता. वरून तुपाचा ठिपका होता. तो थिजून गेला होता.

मुंगी म्हणाली,

"शमूताई, शमूताई, जेव ना.
तू जेवलीस की मला शीत मिळेल.
मला शीत मिळालं की पिटुकली जेवेल."

शमू म्हणाली, "मी नाही जेवणार. आधी बाळाला थांबव."

बाळ रडत होतं. सकाळपासून रडत होतं. इतकं रडत होतं की शमूने दोन्ही कानांत बोटं घातली होती. बोटं कानात असली की घास कसा घेणार?

मुंगी म्हणाली, बरं. आणि निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु.

बाळ गोधडीवर होतं. ऊँआ, ऊँआ. नाक चोंदलं होतं. डोळे सुजले होते. तान्ही बाळं बोलत नाहीत हे मला माहीत आहे. पण गोष्टीत बोलतात.

मुंगी म्हणाली,

"बाळराजा, बाळराजा, थांब ना.
तू थांबलास की शमू जेवेल.
शमू जेवली की मला शीत मिळेल.
मला शीत मिळालं की पिटुकली जेवेल."

बाळ म्हणालं, "मी नाही थांबणार. आधी झोळीला झुलव."

मुंगी म्हणाली, बरं. आणि निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु.

झोळी होती आईच्या जुन्या साडीची. आढ्याच्या कडीला बांधलेली. एरवी ती झुलायची, कुई कुई, कुई कुई. आज ती लोंबत होती. गप्प. रिकामी.

मुंगी भिंतीवरून चढली, कडीवरून उतरली, आणि झोळीच्या काठावर आली. दमली. पण म्हणाली,

"झोळीकाकू, झोळीकाकू, झूल ना.
तू झुललीस की बाळ थांबेल.
बाळ थांबलं की शमू जेवेल.
शमू जेवली की मला शीत मिळेल.
मला शीत मिळालं की पिटुकली जेवेल."

झोळी म्हणाली, "मी नाही झुलणार. आधी दुपट्याला वाळव."

खरंच होतं तिचं. झोळीत दुपटं घालावं लागतं. दुपट्यात बाळाला गुंडाळावं लागतं. ओल्या दुपट्यात बाळ ठेवलं तर सर्दी आणखी वाढेल. आणि घरातली सगळी दुपटी ओली होती.

मुंगी म्हणाली, बरं. आणि निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु.

दुपटं स्वयंपाकघरात होतं. दोरीवर. निळं, पिवळ्या फुलांचं. दोन दिवस तिथेच होतं. त्याला कुबट वास येत होता. त्यातून एक थेंब पडला, टप्. मुंगीच्या शेजारीच पडला. अंगावर पडला असता तर मुंगी वाहून गेली असती. मुंगी घाबरली. पण पळाली नाही.

मुंगी म्हणाली,

"दुपटेराव, दुपटेराव, वाळा ना.
तुम्ही वाळलात की झोळी झुलेल.
झोळी झुलली की बाळ थांबेल.
बाळ थांबलं की शमू जेवेल.
शमू जेवली की मला शीत मिळेल.
मला शीत मिळालं की पिटुकली जेवेल."

दुपटं म्हणालं, "मी नाही वाळणार. आधी शेगडीला पेटव."

ऊन नसलं की त्या घरात असंच करायचे. शेगडीत कोळसे पेटवायचे. शेगडीवर बांबूचं डालगं, म्हणजे मोठी टोपली, पालथं घालायचं. डालग्यावर दुपटं पसरायचं. मग ते वाळायचं आणि उबदार व्हायचं. आज हे काहीच कुणी केलं नव्हतं.

मुंगी म्हणाली, बरं. आणि निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु.

शेगडी कोपऱ्यात होती. काळी. गार. पोटात राख घेऊन बसलेली.

मुंगी म्हणाली,

"शेगडीआत्या, शेगडीआत्या, पेट ना.
तू पेटलीस की दुपटं वाळेल.
दुपटं वाळलं की झोळी झुलेल.
झोळी झुलली की बाळ थांबेल.
बाळ थांबलं की शमू जेवेल.
शमू जेवली की मला शीत मिळेल.
मला शीत मिळालं की पिटुकली जेवेल."

शेगडी म्हणाली, "मी नाही पेटणार. आधी मनीला उठव."

राखेत मनी झोपली होती. पांढरी मनी राखाडी झाली होती. तिने शेपूट नाकावर घेतलं होतं. गुर्रर्र, गुर्रर्र.

मांजराला जागं करायचं म्हणजे काय, हे मुंगीलाच विचारा. मनीचा एक पंजा म्हणजे मुंगीचं सगळं घर. एकदा पंजा पडला की मुंगी संपली. मग पिटुकलीचं कोण? मुंगी थोडा वेळ नुसती उभी राहिली. मग ती मनीच्या कानाजवळ गेली.

मुंगी म्हणाली,

"मनीमावशी, मनीमावशी, ऊठ ना.
तू उठलीस की शेगडी पेटेल.
शेगडी पेटली की दुपटं वाळेल.
दुपटं वाळलं की झोळी झुलेल.
झोळी झुलली की बाळ थांबेल.
बाळ थांबलं की शमू जेवेल.
शमू जेवली की मला शीत मिळेल.
मला शीत मिळालं की पिटुकली जेवेल."

मनीने एक डोळा उघडला. म्हणाली, "मी नाही उठणार. आधी आईला हड म्हणायला लाव."

रोज आई 'हड' म्हणायची आणि मनी उठायची. आज आई हड म्हणाली नाही. हुड म्हणाली नाही. काहीच म्हणाली नाही. मग मनी कशाला उठेल? तिने डोळा परत मिटला.

मुंगी म्हणाली, बरं. पण आता तिचा आवाज बारीक झाला होता. पाय दुखत होते. तरी ती निघाली. तुरुतुरु... तुरु... तुरु.

आई ओट्याखाली बसली होती. जमिनीवर. पाठ भिंतीला, हनुवटी गुडघ्यावर. काल रात्रभर बाळ तिच्या खांद्यावर होतं. सकाळी तिने शमूची वेणी घातली. बाळाचं नाक पुसलं. वरणभात लावला. शमूला वाढला. आणि मग ती खाली बसली, ती बसलीच. शेजारी चहाचा कप होता. चहा सकाळचा होता. त्यावर साय धरली होती.

असे दिवस येतात. घरात काही मोडलेलं नसतं, तरी काही चालत नाही.

मुंगी आईच्या पायाच्या बोटावर चढली. पायावरून गुडघ्यावर. गुडघ्यावरून हातावर.

मुंगी म्हणाली,

"आई, आई, हड म्हण ना.
तू हड म्हटलंस की मनी उठेल.
मनी उठली की शेगडी पेटेल.
शेगडी पेटली की दुपटं वाळेल.
दुपटं वाळलं की झोळी झुलेल.
झोळी झुलली की बाळ थांबेल.
बाळ थांबलं की शमू जेवेल.
शमू जेवली की मला शीत मिळेल.
मला शीत मिळालं की पिटुकली जेवेल."

बाहेर टिप टिप. आत ऊँआ ऊँआ. आईने हनुवटी वर केली. म्हणाली,

"मी नाही म्हणणार हड. हड म्हणायलाही जोर लागतो, मुंगीताई. माझ्या पोटात कालपासून घास नाही."

मुंगीने विचारलं, का नाही?

आई आठवायला लागली. काऊचा घास झाला. चिऊचा घास झाला. मनीमाऊचा झाला, हम्माचा झाला. लांब गेलेल्या बाबाचासुद्धा झाला. मुंगीताईचाही रोज होतो. आईचा घास तेवढा कधी झाला नाही. कारण नावं घेणारी आईच. मग तिचं नाव कोण घेणार? इतक्या दिवसांत हे कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. आईच्याही नाही.

मुंगीने विचारलं, मग आता मी कुणाकडे जाऊ?

आईने मान हलवली. पुढे कुणी नव्हतं. शमूने बाळाकडे पाठवलं. बाळाने झोळीकडे पाठवलं. झोळीने दुपट्याकडे, दुपट्याने शेगडीकडे, शेगडीने मनीकडे, मनीने आईकडे. आईने कुणाकडे पाठवायचं? तिच्या पुढे नुसती भिंत होती.

मुंगी हातावरून उतरली. ती परत निघाली. मनीजवळून गेली. शेगडीजवळून गेली. दुपट्याखालून गेली, झोळीखालून गेली, बाळाजवळून गेली. शमूच्या पाटाजवळून गेली. शमू तिच्याकडे बघत राहिली.

फटीत पिटुकली झोपली होती. डोकं अर्ध्या शितावर होतं. झोपेतच तोंड हलवत होती. भूक लागलेली मुलं अशी झोपतात.

मुंगीने तिचं डोकं हळूच उचललं. अर्धं शीत काढलं. डोकं हळूच खाली ठेवलं. मुंगीला फार वाईट वाटलं. आपल्या लेकीच्या उशाचं शीत चोरल्यासारखं वाटलं. पण ती थांबली नाही.

अर्धं शीत डोक्यावर. वाकलेली मान. परत सगळी वाट. तुरु... तुरु... तुरु. दोनदा शीत पडलं. दोनदा तिने उचललं.

शमूने कानातली बोटं काढली. ती पाटावरून उठली. मुंगीच्या मागे मागे गेली, पाऊल न वाजवता.

मुंगी आईच्या पायावर चढली. गुडघ्यावर चढली. हातावर चढली. तिने अर्धं शीत आईच्या तळहातावर ठेवलं.

मुंगी म्हणाली, "हा घास आईचा."

आईने तळहात डोळ्यांजवळ आणला. कालचं शीत होतं. वाळलेलं. एका बाजूने खाल्लेलं. आई ते बघत राहिली. मग तिने ते जिभेवर ठेवलं.

अर्ध्या शिताने पोट भरतं का? नाही भरत. मी तुम्हाला खोटं कशाला सांगू? पण आईच्या डोळ्यांतून पाणी आलं. खूप आलं. मग तिने नाक पुसलं. गार चहा सायीसकट पिऊन टाकला. डब्यातली कालची पोळी काढली. तिला गूळ लावला, गुंडाळली आणि खाल्ली. सगळी खाल्ली. मग ती भिंतीला धरून उठली.

आई म्हणाली, "हड."

आईने हड म्हटलं, मनी उठली. अंग झाडलं, फुर्रर्र. राख उडाली.

मनी उठली, शेगडी पेटली. चट् चट्, चट् चट्. आईने खिडकी उघडली, धूर बाहेर गेला.

शेगडी पेटली, दुपटं वाळलं. एका बाजूने वाळलं, मग दुसऱ्या बाजूने वाळलं. कुबट वास गेला.

दुपटं वाळलं, झोळी झुलली. कुई कुई, कुई कुई.

झोळी झुलली, बाळ थांबलं. आधी ऊँआ. मग ऊँ. मग काहीच नाही.

बाळ थांबलं, शमू जेवायला बसली. आईने वाटीतला वरणभात गरम करून आणला. ती समोर बसली. आवाज अजून जड होता, पण नावं घेऊ लागली.

"हा घास काऊचा." शमूने खाल्ला.

"हा घास चिऊचा." शमूने खाल्ला.

"हा घास मनीमाऊचा. हा घास हम्माचा. हा घास बाबाचा." बाबाचा घास शमूने जरा जास्त वेळ चावला.

"हा घास मुंगीताईचा." आईने त्यातलं एक शीत काढलं, उंबऱ्यावर ठेवलं. गरम होतं. मोठं होतं. तुपाने चकचकत होतं.

घास संपले. रोज इथेच संपायचे. पण आज वाटीच्या तळाशी थोडा भात होता. शमूने तो गोळा केला. बोटांनी नीट दाबला. लहान मुलांना काही कळत नाही असं आपण म्हणतो. ती सगळं बघत असतात.

शमू म्हणाली, "हा घास आईचा."

आईने तोंड उघडलं.

आणि मुंगी? मुंगी तिचं शीत घेऊन फटीत गेली. अख्खं शीत. ढकलत, ओढत, तुरुतुरु.

पिटुकली जागी होती. उशाखाली शोधत होती. तिचे डोळे भरले होते. तिने विचारलं, माझं शीत कुठे गेलं?

मुंगी म्हणाली, आईला दिलं.

"कुठल्या आईला?"

"वरच्या."

पिटुकलीने तोंड फिरवलं. तिला राग आला होता. मुंगीने अख्खं शीत तिच्यापुढे ठेवलं. म्हणाली, खा. सगळं तुझं. माझं पाय चाटून भागतं.

पिटुकलीने शिताला तोंड लावलं. मग थांबली. तिने आईकडे बघितलं. आईचं पोट आत गेलं होतं. हे तिने आज पहिल्यांदा बघितलं.

तिने शीत मधोमध तोडलं. अर्धं पुढे सरकवलं.

पिटुकली म्हणाली, "हा घास आईचा."

"कुठल्या आईचा?"

"खालच्या."

बाहेर पाऊस थांबला नव्हता. टिप टिप, टिप टिप. अंगणात पाणी तेवढंच होतं. बाबा यायला अजून चार दिवस होते. पण त्या दिवशी वरची आई जेवली आणि खालची आईही जेवली.

वाटी झाली रिती, गोष्ट झाली पुरती. तुमच्या वाटीत शेवटचा घास राहिला असेल, तर आता तो कुणाचा ते तुम्ही म्हणा.